बंदूक आली आणि घोडदळ संपलं?

‘सोळाव्या शतकात बंदूक आली आणि घोडदळाचा निकाल लागला’ असा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘गोळीपुढे घोडा टिकत नाही.’ तोड्याची (पेटत्या वातीने बार उडवायची) बंदूक ठासायला कसलेल्या शिपायालाही मिनिटभर तरी लागे, आणि शंभर मीटरपलीकडे नेम नशिबावर. भरधाव घोडा तेवढं अंतर दहा-बारा सेकंदांत कापतो. म्हणजे बार एकच. घोडा खरा अडायचा तो लांब भाल्यांच्या रांगेपाशी, आणि तिथूनही वाट निघे. २७ सप्टेंबर १६०५ रोजी किर्खोल्मला (आजचं लाटव्हिया) पोलिश-लिथुआनियन सेनापती खोडकेविचने माघारीचं सोंग करून स्वीडिश फौज टेकडीवरून खाली ओढली. मग पोलिश हुसार (भालेवाले जड स्वार) तिच्यावर तुटून पडले. साडेतीन हजारांच्या आसपास माणसांनी अकरा हजारांचा धुव्वा उडवला.

‘पिस्तूलवाले स्वार नुसते गोल फिरत बार काढायचे.’ हे अर्धंच खरं. पेटती जामगी (बंदुकीची वात) सांभाळत लगाम धरणं अवघड, म्हणून स्वारांनी चाकाच्या चापाचं पिस्तूल घेतलं: किल्लीने चाक पिळून ठेवायचं, चाप ओढला की ते पायराइट या खनिजावर घासून ठिणगी पडते. भरताना दारू, गोळी आणि वर घट्ट बोळा. तो विसरला तर खोगिराला उलट्या टांगलेल्या पिस्तुलातून गोळी वाटेतच गळायची. पायराइट ठिसूळ, त्याचा भुगा चाकात अडके. चाक फार वेळ पिळलेलं ठेवलं तर स्प्रिंग सैल पडे. झाडताना पिस्तूल आडवं धरत, चाकाची बाजू वर, म्हणजे रंजक (बार पेटवायची दारू) कानाशी, म्हणजे नळीच्या छिद्राशी, नीट बसते. एवढं करून चिलखत फोडायचं तर पाच-सात पावलांवरूनच. लांबून बार काढून वळणारे स्वार फसले ते इथे. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फने पुढच्या रांगांना जवळून एक बार काढून थेट तलवार उपसायला लावली.

‘चिलखत निरुपयोगी ठरलं.’ उलट आधी ते जाड झालं. कारागीर छातीच्या पत्र्यावर गोळी झाडून पोचा तसाच ठेवायचे, गिऱ्हाइकाला खात्री म्हणून! वजन वाढलं तशी आधी पिंडऱ्यांवरची पत्र्याची कवचं गेली, त्यांच्या जागी उंच बूट आले.

‘आपल्याकडेही तोफांपुढे घोडदळ हतबल होतं.’ पालखेडची लढाई बघा. बाजीरावाच्या स्वारांना गाठायच्या घाईत निजामाने जड तोफा मागे ठेवल्या, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये तो तिथे पाण्यावाचून कोंडला गेला.