ओबामाकेअर हा अमेरिकेचा आरोग्यविम्याचा कायदा मलाही झेपत नाही. तरी तो रद्द करू नका.

परवा आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, हातात तिळगुळाची वाटी असतानाच, माझी आणि एका मित्राची जुंपली. मित्र डॉक्टर आहे, पंचवीस वर्षांची ओळख आहे. मी सिनसिनाटीत राहतो, तो ओहायो नदी ओलांडली की लगेच केंटकीत. मुलांच्या मुंजी-बारशापासून एकमेकांकडे जाणं-येणं. भांडण कशावरून, तर ओबामाकेअरवरून. वहिनींनी शेवटी दोघांच्या तोंडात एकेक लाडू कोंबला, म्हणून ते तिथंच थांबलं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारण चालत नाही, अ‍ॅडमिन ताबडतोब कान उपटतात, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. लांबलंय. चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी डेमोक्रॅट नाही. नागरिकत्व मिळाल्यावर माझं पहिलं मत २०१२ साली ओबामांविरुद्ध उभ्या असलेल्या रिपब्लिकन मिट रॉम्नींना गेलं. कर कमी असावेत आणि सरकारने आपल्या खिशात फार हात घालू नये या मताचा मी आजही आहे. मार्च २०१० मध्ये हा कायदा झाला तेव्हा मला कंपनीचा विमा होता, त्यामुळे 'आपल्याला काय त्याचं' एवढीच माझी भूमिका. कंपनीचा विमा असतो तोवर अमेरिकेतला माणूस विम्याबद्दल विचारच करत नाही. घरात गॅसचं सिलिंडर संपेपर्यंत आपण त्याच्याकडे बघत नाही, तसं.

पण त्याआधीचा एक प्रसंग डोक्यात बसलाय. २००८ साली माझ्या एका सहकाऱ्याने नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचं ठरवलं. विम्याचा फॉर्म भरायला तो माझ्याकडे आला, कारण माझ्याकडे प्रिंटर होता. आमच्या डायनिंग टेबलावर तो आणि त्याची बायको फॉर्म भरत बसले. पानंच्या पानं प्रश्न. अमुक आजार कधी झाला का, तमुक औषध घेता का, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, होय-नाहीच्या चौकटी. वहिनींना थायरॉइडची गोळी चालू होती आणि पित्ताशयात खडे निघाले होते. प्रत्येक 'होय'वर टिक करताना त्या नवऱ्याकडे बघत होत्या, चोरी सापडल्यासारख्या. तीन आठवड्यांनी एका परिच्छेदाचं पत्र आलं: नवऱ्याला विमा मिळेल, बायकोला नाही. धंदा बारगळला, तो परत नोकरीला लागला. यात बेकायदा काहीच नव्हतं. तेव्हा बऱ्याच राज्यांत वैयक्तिक विम्याचा रिवाजच तो होता.

ओबामाकेअरने हे बंद केलं. आजार आधीपासून आहे म्हणून नकार देता येणार नाही, हप्ता वाढवता येणार नाही. आता हे कलम रिपब्लिकन मतदारांनाही आवडतं. कुणालाही विचारा, 'तेवढं राहू द्या, बाकीचं काढा' म्हणतात. गंमत इथेच आहे, कारण 'तेवढं' एकटं उभं राहत नाही.

आपल्या भिशीचं उदाहरण घ्या. समजा नियम केला की कुणीही कधीही भिशीत यावं, आणि नंबर लागेल त्या महिन्यात सगळी रक्कम उचलावी. मग शहाणा माणूस नंबर लागायच्या महिन्यातच येईल. आधीचे महिने फुकट कोण भरेल? भिशी दोन महिन्यांत बुडेल. आजारी माणसाला नकार द्यायचा नसेल तर निरोगी माणसाने आधीपासून आत असायला हवं. त्याला आत आणायचे मार्ग दोनच, सक्ती करा किंवा हप्ता इतका स्वस्त करा की त्याला बाहेर राहणं परवडू नये. कायद्यात दोन्ही होतं. विमा नसेल तर दंड, आणि उत्पन्नाप्रमाणे सबसिडी. दंड लोकांना आवडायचा नाही (२०१९ पासून तो शून्य आहे), सबसिडीला करदात्याचा पैसा लागतो, आणि आवडतं कलम या दोन नावडत्यांच्या खांद्यावर बसलेलं.

आणि ही सक्तीची कल्पना काही डाव्यांची नव्हे. १९८९ साली हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेने ती मांडली आणि २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये राबवली रॉम्नींनी, म्हणजे मी ज्यांना मत दिलं त्यांनीच! तोच सांगाडा ओबामांनी देशभर लावला तेव्हा हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेस या इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, २१९ विरुद्ध २१२ मतं पडली. बाजूच्या २१९ मध्ये रिपब्लिकन एकही नाही.

डेमोक्रॅटही धुतल्या तांदळाचे नाहीत. 'तुमचा सध्याचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील' असं ओबामा पुन्हा पुन्हा सांगत राहिले. २०१३ च्या शरदात लाखो लोकांना पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आली. वेबसाइट १ ऑक्टोबरला उघडली आणि पहिल्याच दिवशी आडवी झाली. आम्ही आयटीवाले तेव्हा खूप हसलो होतो. खोटं बोलून विकलेली वस्तू चांगली असली तरी गिऱ्हाईक विसरत नाही.

पण मग रिपब्लिकनांनी काय केलं? 'रद्द करू आणि नवा आणू' ही घोषणा त्यांनी सात वर्षं चालवली. हाउसमध्ये डझनावारी ठराव केले. २०१५ च्या डिसेंबरात सेनेट या वरच्या सभागृहानेही रद्द करायचं बिल ५२ विरुद्ध ४७ ने मंजूर केलं. पुढच्या महिन्यात ओबामांनी त्यावर व्हेटो मारला, आणि ओबामा तो मारणार हे मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. २०१७ साली व्हाइट हाउस, हाउस, सेनेट सगळं त्यांच्या हातात आलं. २६ जुलैला जवळपास तेच बिल पुन्हा मतदानाला आलं आणि ४५ विरुद्ध ५५ ने पडलं. सात रिपब्लिकन फिरले. त्यातल्या सहा जणांनी दोन वर्षांपूर्वी बाजूने मत दिलं होतं. त्या सहांत आमच्या सिनसिनाटीचेच रॉब पोर्टमन. तेव्हाचं मत फुकटचं होतं, आता त्याचं बिल आलं असतं.

आमच्या शेजारच्या वेस्ट चेस्टरचे जॉन बेनर, हाउसचे माजी स्पीकर, त्यांनी निवृत्त झाल्यावर, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सरळ सांगून टाकलं की काँग्रेसमधल्या माझ्या पंचवीस वर्षांत आरोग्याची योजना कशी असावी यावर रिपब्लिकनांचं एकदाही एकमत झालं नाही. विरोधात असताना ते बोलता येत नव्हतं, एवढंच.

मे महिन्यात हाउसने जे बिल २१७ विरुद्ध २१३ ने मंजूर केलं, त्याच्यामुळे २०२६ पर्यंत २ कोटी ३० लाख लोक जास्तीचे बिनविम्याचे होतील असा काँग्रेसच्या स्वतःच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब होता. आणि हा हिशेब यायच्या आधीच मतदान उरकलं, व्हाइट हाउसच्या बागेत जल्लोषही झाला.

२८ जुलैला सेनेटमध्ये रद्द करायच्या आणखी एका बिलावर मतदान होतं. ती रात्र मी टीव्हीसमोर काढली. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं झालेलं, केस परत येऊ लागलेले, पण मानेवर अजून कुरळे, तिचे वाटणार नाहीत असे. मला तेव्हा नोकरी होती, कंपनीचा विमा होता. तरी पोटात गोळा होता, कारण आमच्या कंपनीत माणसं कमी करायच्या गोष्टी चालू होत्या आणि पन्नाशीच्या प्रोग्रॅमरला त्या पहिल्यांदा ऐकू येतात. रात्री दीडच्या सुमाराला रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅकेन पुढे आले. त्याच महिन्यात त्यांना मेंदूचा कॅन्सर असल्याचं कळलं होतं. हात लांब करून अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोस्की या रिपब्लिकन सेनेटरांनीही विरोधातच मत दिलं होतं, त्यांचं नाव कुणी फारसं घेत नाही, हे मला खटकतं. एकटे मॅकेन असते तर बिल मंजूर झालं असतं.

२०१९ मध्ये माझी नोकरी गेलीच. अठरा महिने कोब्रा भरला, म्हणजे कंपनीचाच विमा, पण पूर्ण हप्ता आपल्या खिशातून. मग स्वतःची कन्सल्टन्सी आणि ओबामाकेअरचा विमा. अर्जात बायकोच्या कॅन्सरबद्दल एकही प्रश्न नव्हता. तो प्रश्न कुठल्या पानावर येतोय म्हणून मी शेवटच्या क्लिकपर्यंत शोधत होतो.

इथे गावाकडच्या माझ्या भावाचं एक वाक्य सांगायलाच हवं. त्याला मी केंटकीची गोष्ट सांगत होतो. तिथल्या राज्य सरकारने २०१३ साली हाच कायदा 'काइनेक्ट' या नावाने राबवला. लोकांना काइनेक्ट आवडायचं आणि ओबामाकेअरचा राग यायचा, वस्तू एकच. पुढे रिपब्लिकन गव्हर्नर आले, त्यांनी काइनेक्ट मोडलं. मग आधीच्या डेमोक्रॅट गव्हर्नरांचा मुलगा निवडून आला, त्याने ते परत आणलं. भाऊ म्हणाला, "अरे मग नुसतं नाव बदलायचं की! आपल्याकडं राजीव गांधी जीवनदायीचं २०१७ ला महात्मा फुले केलं, विषय संपला." मी फोनवर हसत सुटलो, पण तो चुकीचं बोलत नव्हता. 'ट्रम्पकेअर' अशी पाटी लावून चार दुरुस्त्या केल्या असत्या तर निम्मं भांडण मिटलं असतं. आमच्या ओहायोत जॉन केसिक या रिपब्लिकन गव्हर्नरांनी २०१३ मध्ये स्वतःच्या पक्षाशी भांडून गरिबांसाठीचं मेडिकेड वाढवून घेतलंच ना? टेक्सास आणि फ्लोरिडाने ते आजही घेतलेलं नाही.

आता माझ्या दुखण्याकडे येतो, कारण डॉक्टर मित्राचा मुद्दा तोच होता आणि त्यात तथ्य आहे. सबसिडीला मूळ कायद्यात एक कडा आहे. दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंत सबसिडी, त्यावर एक डॉलर गेला की शून्य. कोविडमध्ये, २०२१ साली, ही कडा तात्पुरती काढली आणि हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांपुरता बांधला. ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ती वाढवावी म्हणून डेमोक्रॅट अडून बसले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकार बंद राहिलं, तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात लांब. हाती त्या वेळी काही लागलं नाही.

२०२६ साठी दोघांच्या कुटुंबाला ही कडा ८४,६०० डॉलरला आहे. मी ५९ चा, बायको ५७ ची. गेल्या वर्षी महिना ६४० च्या आसपास भरत होतो. कडेच्या पलीकडे गेलो तर तोच विमा २,१०० ला, वर साडेपाच हजारांचं डिडक्टिबल, म्हणजे तेवढा खर्च आधी आपल्या खिशातून. कडेच्या आत राहिलो तर ७०० च्या आत. म्हणजे त्या एका डॉलरची किंमत वर्षाला सतरा हजार. डिसेंबरात १५ तारखेच्या आत नाव नोंदवायचं होतं म्हणून मी तीन रात्री एक्सेल घेऊन बसलो. उत्पन्नाचा आकडा ९८ हजार दाखवत होता. मार्चपासूनचं एक तीन महिन्यांचं काम नाकारलं, ९० झालं. सात हजार रिटायरमेंट खात्यात टाकायचे ठरवले, ८३ झालं. क्लायंटने विचारलं, बिझी आहेस का? हो म्हणालो. खोटं बोललो. काम होतं, वेळ होता, अंगात दम होता, आणि आरोग्याच्या कायद्याने मला कमी कमवायला लावलं. वर्षाअखेर हिशेब चुकून रेषेपलीकडे गेला तर घेतलेली सगळी सबसिडी परत करायची.

हे मी मित्राला कबूल केलं. त्याचं आणखी एक गाऱ्हाणंही मान्य केलं: डॉक्टरांनी मिळून काढलेल्या नव्या हॉस्पिटलांना या कायद्याने मेडिकेअरचे, म्हणजे ६५ वरच्यांच्या सरकारी विम्याचे, पैसे बंद केले, त्यामुळे मोठ्या हॉस्पिटल साखळ्यांचं फावलं. यावर बोला, दुरुस्त करा, माझी सही घ्या. पण 'मग रद्दच करा' इथे तो पोचला की माझा एकच प्रश्न असतो, आणि सोळा वर्षं त्याचं उत्तर मिळालेलं नाही. त्याऐवजी काय? सप्टेंबर २०२४ च्या वादसभेत ट्रम्पना हेच विचारलं, तर आपल्याकडे योजनेच्या कल्पना आहेत म्हणाले. कल्पना! माझ्या बायकोची दर वर्षीची मॅमोग्राफी कल्पनांवर होत नाही. बिल लिहा. माझ्या वयाच्या, तिच्या इतिहासाच्या जोडप्याला त्यात किती हप्ता पडेल तो आकडा छापा. उरलेले कोण भरणार तेही लिहा. तो आकडा माझ्या एक्सेलमधल्या आकड्यापेक्षा बरा निघाला तर मी स्वतः दारोदार फिरून तुमची पत्रकं वाटेन.

मित्राने यावर लाडू चावत सांगितलं, की सरकारने विम्यात पडूच नये, बाजारावर सोडावं, आपोआप स्वस्त होईल.

तो ६७ चा आहे. दोन वर्षांपूर्वी मेडिकेअर लागलं, गेल्या वर्षी त्याचा गुडघा बदलला. बिल सरकारने भरलं. मी त्याची आठवण करून दिली तर म्हणाला, "ते वेगळं. ते मी आयुष्यभर भरलंय."

मला अजून सहा वर्षं आहेत.