मार्चला अजून लई वेळ हाय!

मालक, उगाच घाई करू नका. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, हे मान्य. पण २५ मार्चच्या आत हिशेबाला हात लावणं हे भित्र्या माणसाचं काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचं सोडून रोज वही कोण लिहीत बसतंय? बिलं ड्रॉवरमध्ये, उधारी डोक्यात आणि गल्ला खिशात. एवढं पुरे.

१५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता असतो. असू दे की. चुकला तर महिन्याला एक टक्का व्याज. पतसंस्थेला आपण त्याहून जास्त देतोय, मग सरकारनंच काय घोडं मारलंय?

आता खरा विषय, कर वाचवणे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दहा लाखांची गाडी उचला. चौकात कुणीही सांगेल, "गाडी घे भावा, टॅक्स वाचतोय." किती वाचतोय, असं विचारणाऱ्याला चहा पाजू नका. तरी तुमच्या कानात सांगतो. गाडीवर घसारा, म्हणजे ती जुनी होते म्हणून नफ्यातून दरवर्षी वजा मिळणारी रक्कम, १५ टक्के, पण त्या वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच, म्हणजे साडेसात. दहा लाखांवर झाले ७५ हजार. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर वाचला २२,५०० रुपये, वर सेसची चिल्लर. एवढ्यासाठी दहा लाख घालवायला जिगर लागते, आणि ती आपल्याकडं उपजत आहे. त्यातून तुम्ही उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून कर भरणाऱ्यांपैकी असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो. वाचले शून्य! पण हार घातलेल्या गाडीचा जोतिबाच्या डोंगरावरचा फोटो घसाऱ्यात मोजायचा नसतो.

साठा मोजू नका. गोडाऊनकडं लांबनं बघा आणि गेल्या वर्षीचा आकडा जरा फुगवा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिली तर आयकरवाले तो खर्च सहसा नफ्यातून वजा धरत नाहीत. म्हणून तर रोखच द्या, चेकबुक शोधायचा त्रास नको.

राहिली देणी. शिरोलीचा छोटा फौंड्रीवाला कास्टिंगच्या बिलासाठी फेऱ्या मारतोय? मारू दे. उद्यम नोंदणी असलेल्या अशा सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चला थकले, तर ते यंदाच्या खर्चात धरता येत नाहीत. हा आयकराचा नियम २०२३-२४ पासून आहे. तुम्ही आपलं "पुढच्या सोमवारी या" चालू ठेवा. त्याची उधारी कागदावर तुमचा नफा होते आणि न कमावलेल्या पैशावर कर भरायचा मान तुम्हाला मिळतो. पुण्याच्या कंपनीनं तुमचं बिल अडवलं, की मात्र हाच नियम तुम्हाला तोंडपाठ!

३१ तारखेला रात्री सगळ्या बिलांचे आडवे-तिडवे फोटो सीए साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर ढकला. खाली लिहा, "साहेब, बघा की जरा." त्यांचा फोन येईल.

"गाडी फर्मच्या नावावर घेतली ना?"

"न्हाई ओ, मंडळींच्या नावावर. लक्ष्मी असतीया!"