पाय बुडवून बसण्याचा परवाना

खनिज मिठाच्या आंघोळीबद्दल जिथे जिथे वाचावं, तिथे एक बाथटब गृहीत धरलेला असतो. दीडशे लिटर ऊन पाणी, त्यात दोन कप एप्सम सॉल्ट, काठावर मेणबत्ती, आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं. आपल्याकडे मोरी असते. मोरीत बादली, तांब्या, पाट, आणि दारावर थाप. "झालं का? मला आठ-बावीसची गाठायचीय!"

तरी मिठाचं पाकीट घरात येतंच, आणि पहिला प्रयोग बादलीवरच होतो. तो का फसतो, ते आकड्यांत सांगतो. टबात ५०० ग्रॅम मीठ १५० लिटर पाण्यात जातं, म्हणजे लिटरला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. तेच प्रमाण १८ लिटरच्या बादलीला लावलं तर ६० ग्रॅम पुरतं. इथवर हिशोब चोख. पण तांब्यातलं पाणी खांद्यावरून टाचेपर्यंत यायला दोन सेकंद लागतात आणि तिथून ते थेट जाळीत जातं. वीस मिनिटांचा निवांत मुक्काम या व्यवहारात फक्त जाळीखालच्या नहाणी ट्रॅपला मिळतो. त्याचे स्नायू मोकळे होत असतील तर आपली हरकत नाही.

खरी गंमत साबण लावताना होते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पाणी जड कशामुळे होतं? कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. त्या ६० ग्रॅमांनी बादलीतल्या पाण्याचा जडपणा लिटरमागे तेराशे मिलिग्रॅमच्या वर चढतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने मान्य केलेली मर्यादा २०० आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६००. म्हणजे सोसायटीची सभा रात्री अकरापर्यंत भांडून बोअरच्या पाण्यातलं मॅग्नेशियम काढायला सॉफ्टनर बसवते, आणि चौथ्या मजल्यावर आपण तेच किलोच्या भावाने विकत आणून परत पाण्यात कालवतो. वर कुरकुर करतो की साबणाला फेस येत नाही. कसा येईल? साबण मॅग्नेशियमला धरून त्याची साय बनवतो. ती साय अंगाला चिकटते, बादलीच्या कडेला चिकटते आणि रविवारी घासायला आपल्यालाच बोलावते. साबणाची आंघोळ आधी उरकून घ्यावी. मिठाचा कार्यक्रम नंतर.

आता पाकिटात नेमकं काय असतं ते पाहू. या मिठाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बसलेले असतात. वजनात मोजलं तर एक किलो पाकिटात ५१० ग्रॅम पाणी. दूधवाल्याने एवढं घातलं असतं तर आपण त्याचं काय केलं असतं! मॅग्नेशियम किलोला शंभर ग्रॅमच्या आतच. हेच रसायन कृषी सेवा केंद्रात खत म्हणून पोत्याने मिळतं, पानं शिरांच्या मधे पिवळी पडली की शेतकरी ते फवारतात. तिथे ते बरंच स्वस्त पडतं, पण म्हणून ते आणून त्यात पाय घालू नका. खताची शुद्धता पिकाच्या हिशोबाने ठरवलेली असते, आपल्या टाचांच्या नाही.

याहून मोठा घोळ नावाचा आहे. एप्सम सॉल्ट म्हणजे सैंधव, असं छातीठोकपणे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. सैंधव हे खाणीतलं खायचं मीठ, जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईड. एप्सम वेगळंच. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं एप्सम हे गाव. असं सांगतात की १६१८च्या दुष्काळात तिथल्या एका गुराख्याच्या गाईंनी डबक्यातलं पाणी प्यायला नकार दिला, कारण याच मिठाने ते कडू होतं. गाईंना कळलं ते माणसांना कळलं नाही. लंडनहून लोक मुद्दाम ते प्यायला येऊ लागले, पोट साफ करायला. तेव्हा या मिठाची पहिली कीर्ती आंघोळीची नव्हे, जुलाबाची. अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही गुण येतो. चतुर्थीच्या आदल्या रात्री हे पाकीट सैंधवाच्या बरणीशेजारी ठेवणाऱ्या घराने साबुदाण्याची खिचडी जपून खावी. दोन्ही पांढरट, दोन्ही खडे, आणि डब्यांवर लेबल लावायचं सगळ्यांनी पुढच्या रविवारवर ढकललेलं. हे मीठ स्वयंपाकघरात ठेवूच नये.

मग आंघोळीने काय होतं? त्वचेतून मॅग्नेशियम आत झिरपून स्नायूंना पोचतं, या दाव्यामागचा पुरावा फार तोकडा आहे. त्वचा हे काही जाळीचं कापड नव्हे. ती आत-बाहेर करू देत नाही म्हणूनच आपण पावसात विरघळत नाही. कोरड्या, खाजऱ्या त्वचेचं मात्र वेगळं. २००५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अशा त्वचेच्या लोकांचा एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या पाण्यात आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात पंधरा पंधरा मिनिटं बुडवून ठेवला. मिठातला हात सुधारला. पण द्रावण होतं पाच टक्क्यांचं. बाथटबाला हे प्रमाण लावायचं तर साडेसात किलो मीठ लागेल. मूठभर टाकून 'मृत समुद्राचा अनुभव' म्हणणं म्हणजे आमटीच्या पातेल्यात एक दाणा डाळ टाकून वरण म्हणणं.

गुण येतो तो मुख्यतः ऊन पाण्याचा. रक्तवाहिन्या सैलावतात, आखडलेले स्नायू ढिले पडतात. झोपण्याआधी तास-दोन तास, ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं घालवली तरी झोप लवकर लागते, कारण हातापायांतून उष्णता बाहेर पडून शरीर आतून थोडं निवतं. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या कोकणातल्या गावांच्या नावातच ऊन पाणी आहे. तिथल्या कुंडांत उतरणाऱ्यांना पाकिटावरचं प्रमाण कुणी वाचून दाखवत नाही.

मग मीठ कशाला? माझं स्पष्ट मत असं, की मराठी घरात धडधाकट माणूस नुसता गरम पाण्यात पाय घालून बसला तर त्याला पाच मिनिटांत गॅसची टाकी लावायला उठवतात. त्याच पाण्यात मीठ पडलं की तो उपचार होतो. "त्याचे पाय शेकायला टाकलेत, उठवू नका." वीस मिनिटांचा हा परवाना पाकिटाच्या किमतीत महाग नाही.

तेव्हा पाय बुडवायचेच असतील तर नीट बुडवा. बादली नको. तिच्या बुडाशी दोन पावलं शेजारी मावत नाहीत, बोटं मुडपतात आणि उपचारानंतर बोटांनाच उपचार लागतो. परातीत घोटाही बुडत नाही. बाळाच्या आंघोळीचा टब उत्तम. कपडे भिजवायचा टबही चालतो, पण आधी दोनदा विसळा, नाहीतर पायांना पावडरची खाज सुटते. पाणी आठ लिटर. गीझरचं साठ अंशांचं निम्मं आणि नळाचं पंचवीसचं निम्मं घेतलं की साडेबेचाळीस येतं, टबात ओतेपर्यंत ते चाळिशीला टेकतं. बोटाने पाहू नका, बोटं धीट असतात. बाळाच्या पाण्याला घालतो तसं कोपर घाला.

मीठ दीडशे ग्रॅम, म्हणजे आमटीची एक सपाट वाटी. ते आधी तांब्याभर कढत पाण्यात ढवळून विरघळवा आणि मग टबात ओता. थेट टाकलं तर खडे तळाशी बसतात आणि टाचांना खडीच्या रस्त्याचा भास होतो. इमर्शन रॉड लावून पाणी तापवत असाल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच मीठ. खारट पाण्यातून वीज फार आनंदाने वाहते. बंबात तर मीठ कधीच नको. साधं मीठ किंवा समुद्राचं मीठ वापरणार असाल तर पत्र्याची बादली आणि पितळी घंगाळही दूर ठेवा, क्लोराईड धातू खातं.

मॅग्नेशियम क्लोराईडचे कागदासारखे पापुद्रे मिळतात, तेही चालतात. मात्र पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच्याच डबक्यात बसतात. कोकणात जाडं मीठ आषाढात पाझरतं, त्यालाही त्यात मिसळलेलं हेच क्लोराईड कारण.

आता बसा. बसण्यापूर्वी टॉवेल, खोबरेल, चष्मा, मोबाइल आणि दाराची किल्ली हाताशी घेतली आहे ना ते पाहा, कारण पाय पाण्यात गेले की बेल वाजतेच. कुरियरवाला तीनदा वाजवतो, कुकर चौथी शिट्टी देतो आणि "जरा बघता का हो" असा आवाज आतून येतो. ओल्या पायांनी फरशीवर धावू नका. पंधरा ते वीस मिनिटं पुरे, त्यापुढे पाणी कोमट होतं आणि कातडी पांढरी पडते. पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मग टाचांना खोबरेल. तेल पाण्यात घालू नका, टबही निसरडा होतो आणि मोरीही.

टाचेच्या भेगा खोल असतील तर मीठ असं झोंबतं की सोसायटीला कळतं. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी हा उद्योग करूच नये, पाणी भाजतंय हे त्यांना वेळेवर कळत नाही. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारून.

पाणी टाकायचं तर टब उचलू नका, आठ लिटर म्हणजे आठ किलो आणि पाय मऊ पडलेले. तांब्याने उपसा. कुंडीत ओतायचं असेल तर चौपट साधं पाणी मिसळा, आणि तेही एप्समचंच. सैंधवाचं किंवा समुद्री मिठाचं पाणी कुंडीला दिलंत तर तुळस राहायची नाही.

एवढं होईतो घरातले ज्यांनी सगळ्यांत जास्त चेष्टा केली, ते शेजारी खुर्ची ओढून म्हणतात, "टाकू नकोस रे, तेच पाणी दे मला, थोडं गरम घाल." देऊ नका. पायाला चिखल्या असतील तर त्या पाण्याबरोबर पाहुण्या जातात. नवीन आठ लिटर, नवीन वाटीभर मीठ. आणि गीझरमध्ये आता नुसतं कोमट येतंय, हे त्यांना तुम्हीच सांगा.