शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मडी वॉटर्स

बंड्याने मोबाईलवर ‘होल लोटा लव्ह’ लावलं आणि मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात कॉन्फिडन्स! असं गायलं की पोरगी पटलीच पाहिजे."

त्याच्या लेखी ब्लूज-रॉक, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज संगीत आणि रॉक यांचं मिश्रण, १९६९ मध्ये हे गाणं गाणाऱ्या इंग्रज बँडपासून, लेड झेपेलिनपासूनच सुरू होतं.

"शब्द कुणाचे आहेत रे ते?" नमूने विचारलं. "ब्लूज गीतकार विली डिक्सनचे. ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९६२ लाच गायलेत. डिक्सनने १९८५ ला लेड झेपेलिनला कोर्टात खेचलं, १९८७ ला तडजोड झाली."

"बरं, उचलले. पण भाव तोच ना? मी मर्द, मी भारी!"

"तोच नाही!" नमू तापली. "मडी मिसिसिपीतल्या मळ्यावर राबलेला माणूस, १९४३ ला शिकागोत आला. तिकडे दक्षिणेत केस पिकलेल्या काळ्या माणसालाही गोरे 'ए पोरा' म्हणून हाक मारायचे. तो १९५५ ला 'मॅनिश बॉय'मध्ये एकेक अक्षर सुटं करून 'मॅन' म्हणतो, तेव्हा बाईला पटवणं नंतरचं, आधी तो सगळ्यांना ऐकवतोय की मी पुरुष आहे. तुझ्या त्या इंग्रज पोरांना हे नाकारलं होतं कुणी?"

बंड्या म्हणाला, "पण गिटार बघ ना गिटार!"

नमूचं मला शंभर टक्के पटतं. 'हूची कूची मॅन' ऐका, १९५४ चं. बँड एक तुकडा वाजवतो आणि थांबतो. त्या मोकळ्या जागेत मडी एक ओळ टाकतो, पुन्हा तुकडा, पुन्हा ओळ. जिप्सी बाईने याच्या जन्माआधीच आईला भाकीत सांगितलंय, मग घाई कसली? सगळा रुबाब त्या थांबण्यात आहे. बंड्या गिटार वाजवताना नेमकी तीच जागा भरून काढतो.

"गणपतीत याच्या सोलोपायी आरती लांबली होती," अण्णा म्हणाले. "पण काय गं, बायांनी नुसतं ऐकून घ्यायचं?"

"छे! गायिका एटा जेम्सने 'मॅनिश बॉय'च्याच वर्षी अक्षरं सुटी करून 'वुमन' म्हणून दाखवलं. आणि ब्लूज गायिका मा रेनीने तर १९२८ लाच ठणकावलं होतं, मी बायकांबरोबर फिरते, हिंमत असेल तर सिद्ध करा!"

"हे सगळं गुगलवरचं," बंड्या कुरकुरला.

"आणि तू? २०११ ला ब्लूजचा गिटारवाला बडी गाय मेहबूब स्टुडिओत आला, वांद्र्याला! तिकिटं तू काढणार होतास. आम्ही बसलो वाट बघत."

"मुलगी बघायला चिपळूणला गेलो होतो. किती वर्षं तेच उगाळशील?"

"मग काय झालं तिथे?" अण्णांनी विचारलं.

"तिने विचारलं, वाजवता का काही. मी सोलो वाजवला."

"मध्ये कुठे थांबलास का?"

बंड्याने खरंच आठवून पाहिलं. "नाही," म्हणाला, आणि आधी तोच फुटला. अण्णांचा चहा शर्टावर सांडला.