प्रमाणपत्र काढाच, पण वाचायला कोण शिकवणार?

बडोद्याच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे: तिसरीतल्या भाच्याला डिस्लेक्सियाचं (वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र काढायचं की नाही. ताई म्हणते, काढू, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळेल. भावोजींना पोराच्या नावावर शिक्का नको आहे. काढावं, असं माझं मत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे, त्यात लाजायचं काय? पण दहावीपर्यंत त्याला वाचायला कोण आणि कसं शिकवणार, यावर ग्रुपवर चकार शब्द नाही. फार तर ‘शिकवणी लावा’.

मी इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत साहाय्यक आहे. इथे २०१२पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्स चाचणी होते, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचता येतो का ते बघतात. चाळीस शब्द, त्यातले वीस चक्क बनावट, म्हणजे घोकंपट्टी लगेच उघडी पडते. जो अडतो त्याला वर्गातच मदत सुरू होते, प्रमाणपत्राची वाट बघत नाहीत. (इथलं सगळंच गोड नाही. तज्ज्ञाकडून तपासणी व्हायला पालक महिनोन्महिने ताटकळतात, आणि खासगीत गेलं तर शेकडो पौंड मोजावे लागतात.)

अडणाऱ्या मुलांना शिकवायची एक पद्धत अशी: अक्षर वाळूत गिरवायचं, गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. डोळा, कान, हात एकदमच कामाला. अमेरिकी डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या नावाने ही पद्धत १९३०च्या दशकापासून ओळखली जाते. ताई म्हणाली, तिकडून एखादं किट पाठव. अगं, धूळपाटी आपलीच! आणि शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी भावनगरला हाताने करून शिकवणारी माँटेसरी पद्धत रुजवली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

शिवाय जादू वाळूत नाही. हात-कान जोडल्याने नेमका किती जादा फायदा होतो, यावर संशोधकांचंही एकमत नाही. उपयोग होतो तो क्रमाचा: एका वेळी एक ध्वनी, तो पक्का झाल्यावर पुढचा, आणि मागचा पुन्हा पुन्हा.

तो क्रम मात्र इंग्लंडहून उचलून चालणार नाही. भाचा इंग्रजी माध्यमात, गुजराती २०२३च्या कायद्याने आठवीपर्यंत सक्तीची, वर हिंदी, घरी मराठी. गुजराती ‘र’ दिसतो हिंदीतल्या दोनच्या आकड्यासारखा. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, पण उच्चार नंतर. नुसत्या इंग्रजीत तपासलं तर इंग्रजी कच्चं असलेलं कुठलंही पोर डिस्लेक्सिक ठरेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही डिस्लेक्सिया तपासायची चाचणी हिंदी-मराठीतही केली आहे, तपासणाऱ्यांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

ताईला मी एवढंच कळवलं: शाळेत जाऊन विचार, रोज वीस मिनिटं कोण बसणार आणि आधी कुठली लिपी पक्की करणार. भावोजींनी लगेच लिहिलं, ‘शाळा म्हणेल, पोर्शन संपवायचाय.’ म्हणतीलच. तरी विचारा.