अठराव्या वर्षी बचावपटूचं दार बंद होतं? मग ही नावं कुठून आली?

गेले काही आठवडे रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडच्या स्केटिंग पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. खेळात करिअर करू पाहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना सावध करायचं म्हणून त्यात आईस हॉकीच्या व्यावसायिक बचावपटूचं उदाहरण दिलंय. दावे असे: अठराव्या वर्षी एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या आईस हॉकी लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या यादीत, नाव लागलं नाही की खेळ संपला. उंची सहा फुटांच्या आत असेल तर नादच करू नये. ज्याला गोल मारता येत नाहीत त्याला बचावात टाकतात. दुय्यम लीगमध्ये पाठवलेला परत वर येत नाही. तिशीत सगळं आटोपतं. आणि या सगळ्यावरून काढलेला निष्कर्ष असा, की बाराव्या वर्षापर्यंत जिल्ह्याच्या संघात न आलेल्या मुलाचे स्केट्स विकून टाकावेत.

हे वाचून आमच्याकडच्या काही पालकांनी मुलांचा सराव खरोखरच थांबवला. म्हणून हे सविस्तर उत्तर. रत्नागिरीतून कोणी एनएचएलमध्ये जाईल असं मी म्हणत नाही. कोकणात बर्फाची रिंक नाही, आपली मुलं सिमेंटवर चाकांच्या स्केट्सवरची इनलाइन हॉकी खेळतात. पण उदाहरण द्यायचं तर ते खरं असावं, आणि हे उदाहरण नेमकं उलट्या बाजूने बोलतं.

ड्राफ्टपासून सुरुवात करू. बत्तीस संघ, सात फेऱ्या, म्हणजे वर्षाला साधारण 224 नावं. मुलगा अठराव्या वर्षी पात्र होतो हे बरोबर. पण त्या वर्षी नाव आलं नाही तर एकोणीस-विसाव्या वर्षीही येऊ शकतं, आणि कधीच आलं नाही तर कोणताही संघ थेट करार करू शकतो. झ्देनो चारा हा बचावपटू 1996 मध्ये तिसऱ्या फेरीत, 56 व्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

आणि मार्क जिओर्डानो तर कधीच ड्राफ्ट झाला नाही. टोरोंटोचा मुलगा, ओवेन साउंडकडून ज्युनियर हॉकी खेळलेला. 2004 मध्ये कॅलगरीने त्याला करार दिला आणि दुय्यम लीगमध्ये पाठवलं. एनएचएलमध्ये पाय रोवतोय असं वाटत असतानाच करारावरून बिनसलं आणि 2007-08 चा हंगाम तो मॉस्कोच्या डायनॅमोकडून खेळला. आपल्या मेसेजच्या हिशोबाने हा माणूस तिथेच संपायला हवा होता. तो कॅलगरीला परतला, 2013 मध्ये कर्णधार झाला आणि 2019 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने जिंकली. 2021 मध्ये सिएटलचा नवा संघ उभा राहिला तेव्हा पहिला कर्णधार म्हणून त्यांनी यालाच निवडलं. ब्रायन राफाल्स्कीचंही नाव कोणी पुकारलं नव्हतं. विद्यापीठ, मग स्वीडन, मग फिनलंड असं करत तो सव्विसाव्या वर्षी पहिला एनएचएल सामना खेळला, आणि पुढे तीनदा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्या संघाचा करंडक, उचलला.

उंचीचं फार बोलायला नको. जॅरेड स्पर्जन पाच फूट नऊ इंचांचा. ज्या संघाने निवडला त्याने करारच दिला नाही, मिनेसोटाने दिला आणि पुढे कर्णधार केलं. क्विन ह्यूज पाच फूट दहा, 2024 चा नॉरिस विजेता. एवढं पुरे.

आता ज्या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग आला तो: गोल जमत नाहीत म्हणून बचावात टाकतात. बॉबी ऑरने बचावपटू असून 1970 आणि 1975 मध्ये अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण (स्वतःचे गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) मिळवले. केल मकारने 2024-25 च्या हंगामात तीस गोल केले. पण ही नावं सांगूनही मुद्दा पूर्ण होत नाही, कारण बचावपटूचं मोठेपण गोलात मोजायचंच नसतं.

हिवाळ्यात तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात. एकदा सामना लावा आणि पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) सोडून फक्त बचावपटूकडे बघा. समोरून आघाडीपटू पूर्ण वेगात येतोय आणि हा त्याच्याकडे तोंड करून तितक्याच वेगात उलटा सरकतोय. दोघांतलं अंतर एका स्टिकच्या आसपास. अंतर जास्त ठेवलं तर समोरच्याला फटक्याला जागा मिळते, कमी ठेवलं तर तो बगलेतून निसटतो. घाई न करता त्याला कडेच्या भिंतीकडे ढकलत न्यायचं, स्टिक पासच्या वाटेत ठेवायची. मग पक आपल्या कोपऱ्यात गेला की पाठीमागे प्रतिस्पर्धी धावून येत असताना मान वळवून आधी बघून घ्यायचं, आणि क्षणात पहिला पास अचूक द्यायचा. आघाडीपटूची चूक सावरायला मागे माणसं असतात. बचावपटू चुकला की मागे फक्त गोलरक्षक. कबड्डीत चढाईवाल्याचं नाव गावभर होतं, पण कोपऱ्यावरचा खेळाडू कधी झेप घ्यायची नाही हे शिकायला किती मोसम घेतो, ते इथल्या मैदानांवर वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तसंच हे.

म्हणूनच दुय्यम लीग ही शिक्षा नव्हे. सामन्याला सहा बचावपटू उतरतात, तीन जोड्या. पहिल्या जोडीतला माणूस साठ मिनिटांपैकी पंचवीसच्या आसपास बर्फावर असतो, तिसऱ्या जोडीतल्याला बरंच कमी मिळतं. वीस वर्षांच्या पोराला वर बाकावर बसवण्यापेक्षा खाली भरपूर मिनिटं देणं शहाणपणाचं. डंकन कीथ 2002 मध्ये 54 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्यानंतर दोन पूर्ण हंगाम नॉरफोकला दुय्यम लीगमध्ये खेळला. पुढे शिकागोबरोबर तीन स्टॅनली कप, दोन नॉरिस, आणि 2015 च्या प्लेऑफमधला (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधला) सर्वोत्तम खेळाडू.

तिशीचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग लपवणं बरं नाही. शरीर झिजतं. फटके अंगावर घ्यायचे, भिंतीवर आपटायचं, हेच काम. ऑर अठराव्या वर्षी लीगमध्ये आला आणि गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे 1978 मध्ये, तिसाव्या वर्षी, शेवटचा सामना खेळला. पण निक्लास लिडस्ट्रॉमच्या सातही नॉरिस ट्रॉफी तिशीनंतरच्या आहेत, पहिली 2001 ची आणि शेवटची 2011 ची. चारा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. त्याचे 1680 सामने हा बचावपटूंमधला विक्रम आहे. वेग थोडा कमी झाला तरी अंदाज साथ देतो, या जागेवर तर विशेष.

राहिला तो स्केट्स विकण्याचा सल्ला. आमच्याकडे सराव शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर होतो. आजूबाजूला जांभ्याची लाल धूळ, त्यात खारी हवा, त्यामुळे चाकांचे बेअरिंग सारखे धरतात आणि मुलं ते काढून रॉकेलमध्ये धुतात. तिथे एक तेरा वर्षांची मुलगी आहे. सरळ शर्यतीत ती मागे पडते. पण उलटं सरकताना टाचेने अर्धगोल कापत ती अशी वळते, की तिच्याहून वेगवान मुलं दर वेळी कोर्टच्या कडेलाच अडकतात. जिल्ह्याच्या चाचणीत ती दोनदा वगळली गेली, कारण तिथे सरळ धावेची वेळ घेतली आणि गोल मोजले. तिला जे येतं ते कुणी बघितलंच नाही. तिची आईही हा मेसेज वाचून विचारत होती, हिला पुढे सरावाला पाठवू की नको?

पाठवा, ताई. आणि चाचणी घेणाऱ्यांना माझी जाहीर विनंती: पावसानंतरच्या पुढच्या चाचणीत प्रत्येक मुलाला पाच मिनिटं तरी एकास एक बचाव करायला लावा, उलटं स्केटिंग बघा, दबावाखालचा पहिला पास बघा. त्यासाठी एक शिट्टी आणि चार शंकू लागतात, ते आमच्याकडे आहेत. हवे तर घेऊन येतो.