फुकटचा गेम आहे, नशिबाचा नाही

भाऊ, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स हा राक्षसांच्या गर्दीत टिकून राहण्याचा गेम; दर लेव्हलला तो काही ऑप्शन देतो, त्यातून एक वेपन किंवा वस्तू निवडायची. ‘चांगले ऑप्शन आले तरच यात टिकतो’ असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. २०२१ मध्ये ब्राउझरवर फुकट आलेल्या या गेमने २०२३ साली सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवला, तो काय उगाच?

बहुतेक जण मरतात ते हावरेपणामुळे. दर लेव्हलला नवं वेपन उचलतात, सहाही जागा भरतात आणि दहाव्या मिनिटाला सगळी वेपन्स लेव्हल २-३ वरच अडकलेली. मग गर्दी कापणार कशाने?

अँटोनियो या पात्राचा चाबूक घ्या आणि आधी तोच लेव्हल ८ करा. सोबत हॉलो हार्ट ही जोडीची वस्तू एकदा घेतली तरी पुरे. १० मिनिटांनंतर बॉसकडून पडलेली पेटी उघडली की चाबकाचा ब्लडी टिअर (जास्त ताकदवान चाबूक) होतो, आणि तो मारता मारता तुमची हेल्थही भरतो. चाबूक अजून लेव्हल ७ वर आहे? मग पेटीला हात लावू नका. जागा लक्षात ठेवा, ८ झाला की परत या. मॅजिक वाँडला एम्प्टी टोम, किंग बायबलला स्पेलबाइंडर, लसणाला पुमारोला, अशा वेपन आणि वस्तूच्या जोड्या पाठ हव्यातच. (लसूण सुरुवातीला भारी, पण पुढे एकट्याच्या भरवशावर राहू नका.)

मागे राहिलेल्या, लेव्हल वाढवणाऱ्या रत्नांसाठी गर्दीत घुसणं हा तर वेडेपणा. जमिनीवर ४०० च्या आसपास रत्नं झाली की पुढच्यांची किंमत एकाच लाल रत्नात साठत जाते. ते एक शोधा. आणि ३० मिनिटं झाल्यावर येणारा यमदूत म्हणजे तुमची हार नव्हे, तिथवर पोचलात म्हणजे जिंकलात. सोन्याने घेतलेले पॉवरअप (कायम टिकणारी वाढीव ताकद) पूर्ण परत करता येतात, तेव्हा बिनधास्त बदलून बघा.

आता ‘गेम हँग होतो’ याबद्दल. शेवटच्या दहा मिनिटांत शेकडो राक्षस एकाच वेळी हलतात, त्यात आपल्याकडचा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले नऊ कडक तापाचे दिवस. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. लॅपटॉप गादीवर नको, खालची जाळी मोकळी हवी. कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको, साधा पंखा लावा. बाकीचे टॅब बंद करा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू आहे का बघा. ब्राउझर गेमचं सेव्ह बहुतेक वेळा ब्राउझरमध्येच राहतं, म्हणून इन्कॉग्निटोत खेळू नका आणि हिस्टरी साफ करताना ‘साइट डेटा’वरची खूण आधी काढा.